भेगा पडल्या की पाईप तुटतो : जुन्या घराच्या नळाचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांतली निम्म्याच्या वर नळाची अन् संडासाच्या पाईपाची आहेत, अन् ती नेमकी उन्हाळा सरताना का येतात ते पहिल्याच उत्तरात कळेल. एक विनंती आधीच करून ठेवतो. प्रश्न पाठवताना जमीन काळी आहे, मुरमाड आहे का धानाच्या बांधीची आहे, पाईप लोखंडी का प्लास्टिकचा, घर अंदाजे किती जुनं, एवढं तरी लिहा. नुसतं "पाणी कमी येते, काय करू" असं लिहिलं तर मी इथं बसून काय सांगणार. नावं छापत नाही, तालुका तेवढा दिला आहे.

प्रश्न : काकाजी, आमचं घर आजोबाच्या वेळचं आहे, माती-विटाचं, आधी कवेलू होते आता टिनं टाकले. रस्त्यावरच्या लाईनीपासून आंगणातल्या टाक्यापर्यंत पाईप गेला आहे, पयले लोखंडी होता, मंग प्लास्टिकचा टाकला. दरसाल उन्हाळ्यात कोठी ना कोठी फुटते, मिस्त्री येते, खोदते, सॉकेट टाकते, सोल्युशन लावते, पैसे घेऊन जाते, अन् पाऊस पडला की दुसऱ्या जागी फुटून राह्यते. मिस्त्री म्हणते पाईपच हलका आहे, शेजारचे म्हणतात प्रेशर जास्त आहे. नेमकं काय समजायचं? (दर्यापूर तालुका)

उत्तर : भाऊ, प्रेशर तर नाहीच. गावच्या टाकीचं पाणी धड माडीवर चढत नाही, ते पाईप काय फोडणार. पाईपही बहुतेक बरा असेल. तुमच्या आंगणाखालची जमीन हलते, खरं दुखणं ते आहे, अन् दरवर्षी तुम्ही पैसे पाईपावर घालता.

दर्यापूर म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातली भारी काळी, खोदत जा खोदत जा, मुरूम लागत नाही. आपली काळी माती ही साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या खडकाची, बेसाल्टची झीज होऊन झालेली, अन् तिच्यात स्मेक्टाइट नावाच्या जातीची चिकणमाती भरपूर असते. तिच्या बारीक पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की ती फुगते, सुकली की आकसते. कास्तकार माणसाला हे मी काय शिकवू, मे महिन्यात वावरात पंजा जाईल एवढ्या भेगा तुम्हीच पाहता, अन् त्या मीटरभर खोल सहज जातात. आता आंगणातही तीच माती आहे, फक्त वरून सारवलेली नाहीतर फरशी टाकलेली असते म्हणून दिसत नाही. त्या भेगेला आडवा तुमचा पाईप गेला आहे, एक ढेकूळ इकडं सरकते, दुसरं तिकडं, पाईप मधात ताणला जातो अन् सगळा ताण सांध्यावर नाहीतर एल्बोवर निघतो. पावसाळ्यात उलटा खेळ, माती फुगून पाईपाला वर उचलते, पण पायव्यात सिमेंटनं गच्च बसवलेलं टोक काही उचलल्या जात नाही, म्हणून तिथं भिंतीला लागूनच मोडतो. तुमच्या पत्रात "पाऊस पडला की दुसऱ्या जागी" असं आहे ना, ती जागा भिंतीजवळची आहे का ते एकदा आठवून पहा.

यात अजून एक भानगड आहे. आधी गळती बारीक असते, थेंब थेंब. तेवढ्या जागची माती ओली राहते अन् फुगते, बाजूची सुकी आकसते, दोन्हीत फरक पडला की सांधा अजून उघडतो, गळती अजून वाढते. मिस्त्रीनं एका जागी सॉकेट टाकलं की तिथं लाईन कडक झाली, मग पुढची कमजोर जागा चार फुटावर मोडते. असं ते फिरत राहते, अन् मिस्त्रीचंही घर चालते.

गळती नेमकी कुठं आहे ते शोधायला आंगणभर खोदू नका. सगळ्या आंगणात भेगा अन् एकाच जागी भेगा मिटलेल्या, जमीन गुळगुळीत, त्यावर हरळी हिरवी, मुंगळ्यांची रांग, अशी जागा दिसली की तिथंच टिकास मारा. वरून फरशी असेल तर रात्री नळ आले अन् गाव झोपलं की सब्बलीचं टोक पाईपाच्या लाईनीवर टेकवा, दुसरं टोक कानाला लावा, गळतीचा सूंऽऽ असा आवाज लोखंडातून येतो. जुन्या लाईनमनला हे माहीत असते, विचारून पहा.

आता दुरुस्ती. दरवर्षी सॉकेट टाकण्यापेक्षा एकदाची लाईन बदला, अन् बदलताना सांधेच ठेवू नका. काळा एचडीपीई पाईप, निळ्या पट्ट्यांचा, आयएस 4984 हा भारतीय मानकाचा नंबर छापलेला, रोलमध्ये मिळतो, लाईनीपासून टाक्यापर्यंत एकसंध जातो. तो लवचिक असतो, माती सरकली तर थोडा वाकतो, ताण सोसतो. टाकताना दोरी ताणल्यासारखा सरळ टाकू नका, जरा नागमोडी सोडा म्हणजे ओढल्या गेला तर ढिला यायला जागा राहते. पाईपासाठी खोदायची नाली अडीच-तीन फूट खोल घ्या, कारण सगळ्यात जास्त हालचाल वरच्या थरात असते. खाली चार-सहा इंच बारीक मुरूम नाहीतर रेती, त्यावर पाईप, वरून परत सहा इंच मुरूम, मग बाकी भराव. ढेकळं असलेली काळी माती पाईपाला लागून टाकायची नाही, हे मजुराला दोनदा सांगा, कारण संध्याकाळ झाली की तो पावड्यानं सगळं एकदम ढकलतो.

इथं बरेच जण फसतात. मुरूम-रेतीची नाली म्हणजे जमिनीखालचा पाटच झाला, पावसाचं पाणी त्यात शिरलं तर सरळ तुमच्या पायव्यापाशी नेऊन सोडते अन् मग भिंतीला चिरा. म्हणून नाली घरापासून बाहेरच्या बाजूला उताराची ठेवा, अन् घरापासून तीनेक फुटावर नालीत फूट-दीड फूट लांबीचा ठोकून भरलेल्या चिकणमातीचा बूच द्या. पाईप भिंतीतून नेता तिथं आधी दोन साईज मोठा पाईपाचा तुकडा भिंतीत बसवा अन् त्यातून हा पाईप मोकळा काढा, मधली फट सिमेंटनं भरू नका, तागाची दोरी कोंबली तरी चालते. टिनाचं पागोळ्याचं पाणी भिंतीशी पडत असेल तर पन्हळी लावून दूर सोडा, नाहीतर वरची सगळी मेहनत वाया.

हे काम भर मे मध्ये काढू नका, तेव्हा भेगा सगळ्यात रुंद असतात अन् पाऊस आला की भराव बसतो. दिवाळीनंतर संक्रांतीपर्यंत माती ना फार ओली ना फार सुकी, तो काळ चांगला. कापूस वेचणीत मजूर मिळणार नाही हे मला मान्य आहे, तरी.

प्रश्न : आमच्या घरी पहाटे नळ उघडला की पहिली बकेट लाल येते, मग पाणी साफ होते. धारही दिवसेंदिवस बारीक होऊन राह्यली आहे. अर्धा इंची लोखंडी पाईप आहे, सासरे सांगतात की घर बांधलं तेव्हाचा, म्हणजे 1982-83 चा. खराब तुकडा बदलला तर भागेल का? (पुसद तालुका)

उत्तर : ताई, नाही भागणार. तुमच्या लोखंडी म्हणजे जीआय पाईपाला आतून जस्ताचा थर असतो, तो संपला की लोखंड उघडं पडते अन् गंज धरते. रात्रभर पाणी पाईपात थांबून राहते म्हणून पहिली बकेट लाल, नंतर ताजं पाणी आलं की साफ. चाळीस वर्षं झालेला अर्धा इंची पाईप आम्ही कापतो तेव्हा वरून चांगला रंग दिलेला असतो अन् आत पाहिलं तर चारही बाजूनं गंजाचे टपोरे गोळे, मधात उदबत्ती जाईल एवढंच भोक. त्यातून धार कुठून येणार. पंप लावून प्रेशर वाढवलं तर त्या गोळ्यांखाली पातळ झालेला पत्राच फुटतो.

एक तुकडा बदलायचा मोह होतो पण त्यात गोम आहे, जुन्या गंजलेल्या लोखंडाला नवा जीआय जोडला तर गंज नव्या तुकड्याला आधी खातो, हे रसायनच तसं आहे, अन् मग लोक म्हणतात आजकालचा माल खराब. शिवाय जुन्या पाईपाला चेन पाना लावून चुडी खोलायला गेलं की पुढचा सांधा भिंतीतच कट्‌कन मोडतो, हे काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे, म्हणून मिस्त्री भाव सांगताना का कू करतो.

आधी खात्री करून घ्या. रस्त्याजवळच्या पहिल्या नळावर बकेट भरायला किती वेळ लागतो अन् न्हाणीतल्या शेवटच्या नळावर किती, ते पहा. पहिल्यावर धडाधड भरली अन् शेवटी रखडली तर दोष घरातल्या पाईपाचा. दोन्हीकडं सारखीच बारीक धार असेल तर रस्त्यावरचा जोड किंवा फेरुल (मुख्य लाईनीवर जोड घ्यायची पितळी तोटी) चोक आहे, घर फोडू नका, ग्रामपंचायतीच्या पाणीवाल्याला बोलवा. घरातला असेल तर पूर्ण लाईन एकदम बदला, भिंतीच्या आतून परत नेण्यापेक्षा भिंतीच्या बाहेरून क्लॅम्पवर घ्या. दिसायला बरं दिसत नाही पण मातीच्या भिंतीत खाच मारणं म्हणजे भिंत कमजोर करणं. बाहेरून घेतला तर ऊन पाहा मात्र, आपल्याकडं 45-46 डिग्रीत साधा पीव्हीसी उघड्यावर दोन-चार वर्षांत ठिसूळ होतो. सहा मीटरच्या प्लास्टिक पाईपात 30 डिग्रीचा फरक पडला की तो साधारण 12 मिलीमीटर लांबतो-आखूडतो, त्यामुळं क्लॅम्प गच्च आवळू नका, पाईप सरकला पाहिजे. वरून पाण्यात मिसळायचा पांढरा अॅक्रिलिक पेंट द्या, ऑइल पेंट नको. अन् सोल्युशन लावून लगेच नळ सोडू नका, एक दिवस तरी थांबा, घरात पाव्हणे आले तरी.

प्रश्न : आमच्या बोअरचं पाणी काढलं तेव्हा काचेसारखं असते, पण गुंडात भरून ठेवलं की सकाळपर्यंत पिवळं-लाल होते अन् तळाशी गाळ बसते. सगळे म्हणतात पाईप सडला. पाईप तर मागच्याच साली प्लास्टिकचा टाकला. (साकोली तालुका)

उत्तर : पाईपाला दोष देऊ नका. वरच्या पुसदच्या ताईंचं पाणी आधी लाल अन् मग साफ, तुमचं आधी साफ अन् मग लाल, फरक इथंच आहे. तुमच्या भूजलात विरघळलेलं लोह आहे, हवा लागली की त्याचा गंज होऊन खाली बसतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, लोहाची मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम आहे. जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत नमुना द्या. तोपर्यंत पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं टाकीत पडू द्या, रात्रभर निवू द्या अन् वरचं वापरा, तळाशी नळाचं तोंड ठेवू नका, अर्धा फूट वर घ्या.

प्रश्न : हिंगणघाट तालुक्यात आमचा जुना वाडा आहे. न्हाणीची फरशी एका कोपऱ्यात बसली, त्याच भिंतीला खिडकीपासून खालपर्यंत तिरपी चीर गेली. संडासाचे पाईप चिनी मातीचे आहेत, चेंबर कडुनिंबाजवळ आहे. पावसाळ्यात संडास तुंबून वापस येते, प्लंबरनं अॅसिड टाकलं, वायर फिरवली, पंधरा दिवस बरं, मग परत तेच. चीर भरून घ्यायची का आधी संडास करायचा?

उत्तर : चीर भरू नका, अजिबात नाही, चीर शेवटी. तुमच्या पत्रातल्या तीन तक्रारी मला एकाच जागच्या वाटतात.

चिनी मातीचे पाईप दोन-तीन फुटाचे तुकडे असतात अन् दर तुकड्याला सिमेंटचा जोड. पाईप स्वतः शंभर वर्षं टिकते, अॅसिडलाही भीत नाही, पण जोड कडक, अन् काळ्या मातीत कडक जोड म्हणजे आज ना उद्या चीर. त्या चिरेतून ओल बाहेर निघाली की कडुनिंबाला पत्ता लागतोच. उन्हाळ्यात सगळं सुकलेलं असताना झाडाला एकच जागा ओली मिळते, मुळाचा केसाएवढा धागा जोडातून आत शिरतो अन् आत जाऊन त्याची जटा होते. प्लंबर वायर फिरवतो तेव्हा तो जटेत भोक पाडतो, मूळ तिथंच राहते, म्हणून पंधरा दिवस. अॅसिडनं मुळाचं काही बिघडत नाही, चेंबरचं प्लास्टर मात्र खाल्ल्या जाते अन् सेप्टिक टँकमधले घाण पचवणारे जिवाणू मरतात. अॅसिड बंद करा.

न्हाणीची फरशी बसली कारण गळक्या जोडातून पाणी वर्षानुवर्षं एकाच कोपऱ्याखाली मुरत राहिलं, त्यानं बारीक माती वाहून नेली, खाली पोकळ झालं. भिंतीची तिरपी चीर त्याच कोपऱ्याकडं उतरत असेल तर समजा पायवा तिथं खचला. ती चीर उन्हाळ्यात रुंदावते अन् पावसाळ्यात मिटते असं दिसलं तर मातीचा नेहमीचा खेळ आहे, अन् बाराही महिने वाढतच जाते असं दिसलं तर पाणी मुरणं चालू आहे. चिरेच्या दोन्ही बाजूला पेन्सिलीनं खुणा करा, मधलं अंतर अन् तारीख भिंतीवरच लिहा, दर महिन्याला मोजा. एक पावसाळा अन् एक उन्हाळा तरी जाऊ द्या.

पाईप फुटला आहे का ते पाहायला निळीचं दाट पाणी न्हाणीच्या जाळीत बकेटभर ओता अन् चेंबरचं झाकण उघडून बसा. निळं पाणी सगळं आलं तर ठीक, अर्धंच आलं तर बाकीचं भिंतीखाली गेलं. त्यात लपवण्यासारखं काही नसते, झाकण उघडल्यावर मुळं असली तर तीही दिसतात.

नवी लाईन टाकताना 110 मिलीमीटरचा रबर रिंगवाला पाईप घ्या, जमिनीखालच्या सांडपाण्याच्या लाईनीसाठीचा, आयएस 15328 चा. सोल्युशननं चिकटवायचा नको, रिंगवालाच, कारण रिंगेत जोड थोडा सरकतो, थोडा वाकतो, अन् तरी गळत नाही. उतार साधारण पाच फुटाला एक इंच ठेवा. काही मिस्त्री "जास्त उतार म्हणजे जास्त चांगलं" म्हणून भरमसाठ उतार देतात, मग पाणी पळून जाते अन् मैला मागं राहतो. लाईन झाडापासून जेवढी दूर वळवता येईल तेवढी वळवा. कडुनिंब तोडायची गरज नाही, गळती बंद झाली की त्याला तिथं काही मिळत नाही. पिंपळ-वड असता तर वेगळं सांगितलं असतं.

आता पावसाळ्यात वापस येते त्याचं. शोषखड्डा काळ्या मातीत खोदला असेल तर तो नावालाच शोषखड्डा. भारी काळी जमीन एकदा ओली झाली, भेगा मिटल्या, की पाणी घेतच नाही, जुलैपासून तुमचा खड्डा म्हणजे भरलेला हौद. उन्हाळ्यात उलट भीती, भेगांतून घाण सरळ खाली अन् बाजूला जाते, शेजारी विहीर असेल तर विहिरीत. मानकात शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून 18 मीटर अन् राहत्या घरापासून 6 मीटर दूर सांगितला आहे, जुन्या वाड्यात एवढी जागा नसते हे मीही पाहतो, पण विहिरीचं अंतर तरी सोडू नका. खड्डा मुरूम लागेपर्यंत खाली नेता आला तर पहा. नाहीतर एक करा, न्हाणीचं अन् भांड्याचं पाणी संडासाच्या खड्ड्यात सोडणं बंद करा, ते वेगळं काढून परसात केळी-कर्दळीच्या वाफ्यात सोडा. खड्ड्यावरचा निम्म्याहून जास्त भार तिथंच उतरतो.

टाकी उपसायची वेळ आली तर उपसा गाडीच बोलवा. कोणाला आत उतरवू नका, दोर बांधूनही नाही, आतला गॅस एका श्वासात माणूस पाडतो अन् त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. 2013 पासून तो कायद्यानं गुन्हा आहे, पण कायदा नसता तरी उतरवू नका.

सगळं झाल्यावर, एक वर्ष खुणा हलल्या नाहीत तर चीर भरा, मातीची भिंत असेल तर माती-चुन्यानं भरा, नुसतं सिमेंट कोंबलं तर बाजूची माती सोडून ते ढिलं होते. अन् पोरं बाजूला नवीन खोल्या काढणार असं पत्रात लिहिलं आहे तर इंजिनिअरला अंडररीम पाईलचं विचारा. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं काळ्या मातीसाठीच हा पायवा बसवला आहे, खाली फुगीर पाय असलेले खांब साधारण साडेतीन मीटरपर्यंत जातात, जिथं माती फारशी हलत नाही. जुन्या वाड्याच्या भिंतीला नव्या खोलीची भिंत सांधू नका, मधात फट ठेवा, अन् पाईप त्या फटीतून जात असेल तर तिथं लवचिक तुकडा टाका.

प्रश्न : गावातली मुख्य लाईन जुन्या सिमेंटच्या पाईपाची आहे, कोणी म्हणते त्यात अॅसबेस्टॉस आहे अन् त्यानं कॅन्सर होते. पाणी प्यावं की नाही? (मंगरूळपीर तालुका)

उत्तर : जुन्या योजनांत एसी म्हणजे अॅसबेस्टॉस-सिमेंटचे पाईप होते हे खरं आहे. पाण्यावाटे पोटात गेलेल्या अॅसबेस्टॉसनं अपाय होतो असा ठोस पुरावा नाही, जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. अपाय आहे तो धुळीचा, श्वासावाटे. म्हणून लाईनमन कोरड्या पाईपावर कटर चालवत असेल तर पोरांना तिथून दूर न्या अन् त्यालाही सांगा की पाणी मारून कापा, तोंडाला रुमाल पुरत नाही. बाकी हे पाईप कडक अन् ठिसूळ, काळ्या मातीत बांगडीसारखे गोल मोडतात, तुमच्याकडं वारंवार लाईन फुटते ती म्हणूनच. ग्रामसभेत नवीन लाईनची मागणी लावून धरा.

प्रश्न : नळाला दोन दिवसाआड पाणी येते. पावसाळा लागला की पहिली पाच-दहा मिनिटं नालीचा वास येते. शेजारचे नळाला टुल्लू पंप लावतात तेव्हा जास्तच. आमच्या गल्लीत कावीळचे पेशंट निघाले. (दिग्रस तालुका)

उत्तर : हे पत्र मी सगळ्यात आधी वाचायला हवं होतं असं संपादकांना म्हणालो, कारण हे थांबण्यासारखं नाही. पाणी चालू असते तेव्हा गळक्या पाईपातून पाणी बाहेर जाते. पाणी बंद झालं, पाईप रिकामा झाला, की त्याच भोकातून बाहेरचं आत येते. तुमचा घरगुती जोड नालीतून किंवा नालीखालून गेला असेल, जुन्या वस्तीत नव्वद टक्के तसाच जातो असं म्हटलं तरी चालेल, तर आत काय येते ते सांगायला नको. टुल्लू लावला की तो लाईनीतूनच ओढतो, लाईनीत पाणी कमी पडलं की भोकातून घाण ओढतो, शेजाऱ्याला वाटते पाणी वाढलं.

आजपासून पिण्याचं पाणी खळखळ उकळून प्या. नळ आल्यावर वास जाईपर्यंतचं पाणी पिण्याच्या गुंडात घेऊ नका. गावच्या जलसुरक्षकाला बोलवून तुमच्याच नळावर ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातल्या क्लोरीनची तपासणी, करायला लावा, टाकीवरची नाही, तुमच्या नळावरची. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन पोचला, नाही झालं तर टीसीएल (ब्लीचिंग) पावडर कमी पडते किंवा मधात घाण मिसळते. शेवटच्या घराच्या नळावर लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे. टाकीवर पिवळं अन् तुमच्याकडं पांढरं निघालं तर दोघांच्या मधात पाईप फुटलेला आहे याचा तो पुरावा समजा अन् लेखी अर्ज द्या, काविळीची गोष्ट प्राथमिक आरोग्य केंद्रालाही कळवा, पंचायत हलते ती त्यानंच. घरचा जोड नालीच्या वरून घ्या, खालून नको, अन् जिथं नाली ओलांडायची तिथं जाड पाईपाच्या बाहीतून न्या अन् त्या भागात एकही सांधा ठेवू नका. टाकी जमिनीतली असेल तर तिचं झाकण नालीच्या पातळीच्या वर आणा.

प्रश्न : खारपाणपट्ट्यात राहतो. नळाच्या तोंडाला पांढरा थर, वॉशर चार महिन्यांत जाते, शॉवर तर बंदच. (बाळापूर तालुका)

उत्तर : शॉवर अन् जाळी काढून लिंबूसत किंवा व्हिनेगरच्या पाण्यात रात्रभर बुडवा, सकाळी ब्रशनं निघते. फिरवायच्या वॉशरच्या नळाऐवजी पाव फेरीचा सिरॅमिक डिस्कवाला घ्या. जीआय पाईप तुमच्या जमिनीत टाकूच नका, बाहेरून खारट माती अन् आतून खारट पाणी, दोन्हीकडून खाते.

प्रश्न : सगळा लोखंडी पाईप काढून नवीन सीपीव्हीसी टाकला. तेव्हापासून मोटार चालू असताना न्हाणीतल्या नळाला हात लावला की झिणझिण्या येतात. पाईप तर प्लास्टिकचा, करंट कुठून? (उमरेड तालुका)

उत्तर : मोटार लगेच बंद करा, हे वाचून झाल्यावर नाही, आधी.

जुन्या घरात वायरमन लोकांनी अर्थिंगची तार वेगळी न नेता पाण्याच्या लोखंडी पाईपालाच बांधलेली असायची, कारण तो पाईप जमिनीत दूरवर गेलेला असतो अन् करंट मातीत उतरवतो. तुम्ही पाईप काढला तेव्हा घराची अर्थिंगच काढून टाकली, अन् कोणाला पत्ता नाही. आता मोटारीच्या किंवा गिझरच्या बॉडीला करंट उतरला तर त्याला जायला जागाच नाही, तो मोटारीतून पाण्यात अन् पाण्यातून नळाच्या पितळेपर्यंत येतो. प्लास्टिक करंट नेत नाही पण आतलं पाणी नेते, खारं असेल तर अजूनच.

जुन्या पाईपाचा जो तुकडा उरला असेल त्याला क्लॅम्प लावून तांब्याची किंवा हिरवी तार बांधलेली होती का पहा, नाहीतर मीटरपाशी कुठं लोंबकळत असेल. परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवून नवीन अर्थिंग खड्डा करून घ्या, त्यात एक पथ्य, काळी माती उन्हाळ्यात सुकून भेगाळते अन् इलेक्ट्रोडला सोडते, तेव्हा अर्थिंग आहे पण कामाची नाही असं होते, म्हणून खड्डा न्हाणीच्या पाण्याजवळ थोड्या ओलीच्या जागी घ्या, आजूबाजूला बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी चिकणमातीची पावडर) नाहीतर कोळसा-मीठ भरा अन् एप्रिल-मे मध्ये आठवड्यातून एकदा बकेटभर पाणी टाका. मेन बोर्डावर 30 मिलीअँपचा आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय आपोआप तोडणारा स्विच) बसवा अन् महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटन दाबून पाहत जा. मोटारीची वायंडिंग अन् पाणबुडीची केबल मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावून तपासा, करंट उतरला म्हणजे कुठं तरी इन्सुलेशन गेलं आहेच. हे सगळं होईस्तोवर टाकी भरायची असेल तर मोटार चालू करून भरा, बंद करा, मेन स्विच पाडा, मगच घरातल्या कोणालाही नळ उघडू द्या.